प्रवाळ मत्स्यालय, घरगुती

प्रवाळ मत्स्यालय, घरगुती : समुद्राइतक्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीत जिवंत प्रवाळ, मासे, गोगलगायी, कोळंबी आणि सूक्ष्मजीव एकत्र वाढवण्याचा छंद. मुंबईत त्याला ‘रीफ टँक’ किंवा नुसते ‘मरीन’ म्हणतात. खाऱ्या पाण्यात फक्त मासे पाळणे त्यामानाने सोपे. प्रवाळ ठेवायचे म्हटले की क्षारता, तापमान, प्रकाश आणि प्रवाह सगळेच काटेकोर सांभाळावे लागते. छंद खर्चीक म्हणून ओळखला जातो आणि ते खोटे नाही. पण तो किती खर्चीक होणार, हे दुकानातल्या यंत्रांपेक्षा टाकीत कोणते प्राणी सोडायचे यावर जास्त ठरते. मुंबईच्या हवेत तर फारच.

प्रवाळ हा प्राणी आहे. उथळ, उबदार समुद्रातल्या बहुतेक प्रवाळांच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहते. ते प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला मिळतो. पाणी फार तापले की ही भागीदारी मोडते, शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. असे पांढरे प्रवाळ लगेच मरत नाही, पण उपाशी असते.

घरच्या टाकीत प्रवाळ जगवण्याचे पहिले श्रेय जाकार्ताच्या ली चिन एंग यांना देतात. १९६१ साली त्यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली : समुद्रातून आणलेले जिवंत खडक (सूक्ष्मजीवांनी भरलेले सच्छिद्र दगड), ऊन आणि हवेचे बुडबुडे, बस्स. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी जिवंत खडकांना जोरदार प्रवाहाची आणि प्रोटीन स्किमरची (फेसासोबत घाण बाहेर काढणाऱ्या नळकांड्याची) जोड दिली. आजच्या बहुतेक टाक्या या ‘बर्लिन पद्धती’च्याच वंशातल्या. मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांची सागरी माशांशी ओळख झाली ती १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात. शहराच्या गढूळ किनाऱ्यावरही प्रवाळ आहे, हे मात्र अनेकांना २०२० साली कळले, जेव्हा सागरी किनारा रस्त्याच्या कामासाठी वरळी आणि हाजीअलीजवळच्या प्रवाळांच्या वसाहती कुलाब्याकडे हलवाव्या लागल्या.

कायदा : खर्चाच्या आधी हा विषय येतो. सर्व पाषाणप्रवाळ (चुन्याचा कडक सांगाडा बांधणारे), काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. २०२२ च्या दुरुस्तीनंतरही पाषाणप्रवाळांचे संरक्षण कायम आहे. मालवणच्या किनाऱ्यावरून उचललेला तुकडा ‘मेलेलाच होता’ म्हणून सुटत नाही. मेलेले प्रवाळही कायद्याच्या कक्षेत येते. पूर्वी शोभेसाठी सर्रास विकले जाणारे पांढरे सांगाडे आणि समुद्रातून फोडून आणलेले ‘लाइव्ह रॉक’ म्हणूनच टाळावेत, कितीही स्वस्त मिळोत. परदेशी जातींपैकी वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारकराराच्या (साइट्स) यादीतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांना २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. दुकानदार बिल द्यायला कां-कूं करत असेल, तर तो प्राणी घेऊ नये. चामडी प्रवाळ, मशरूम, झोअँथिड, झेनिया अशी मऊ शरीराची प्रवाळे घेतली, तर कायदाही सांभाळला जातो आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे खिसाही.

टाकी आणि जागा : दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे १२७ लिटर पाणी मावते, खडक-वाळू वजा जाता शंभरेक लिटर उरते. नवख्याला यापेक्षा लहान टाकी स्वस्त वाटते, पण थोडे पाणी लवकर तापते आणि लवकर बिघडते. काच कापून टाकी जोडून देणारे कारागीर शहरात पुष्कळ आहेत आणि आयात केलेल्या तयार संचापेक्षा ते खूपच कमी पैसे घेतात. सिलिकॉन तेवढे बुरशीनाशक नसलेले आहे याची खात्री करावी. बाथरूमच्या फटी बुजवायचे सिलिकॉन जीवघेणे ठरते. पाणी, काच, खडक आणि स्टँड मिळून वजन २०० किलोंच्या आसपास जाते, तेही तीन चौरस फुटांवर. जुन्या चाळीत किंवा लाकडी तुळयांच्या इमारतीत टाकी भिंतीला लागून, तुळयांच्या टोकाशी ठेवावी. गॅलरीत कधीच नको : ऊन लागते आणि सज्जावर भार पडतो.

पाणी : समोर अख्खा अरबी समुद्र असताना पाणी विकत कशाला घ्यायचे, हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. मुंबईच्या किनाऱ्याचे पाणी गाळाने आणि सांडपाण्याने भरलेले असते आणि पावसाळ्यात त्याची क्षारता उतरते. ते वापरू नये. मग मुलुंड-भांडुपच्या मिठागरांतले मीठ? तेही चालत नाही. मिठागरात पाणी आटू लागले की आधी चुना आणि जिप्सम तळाला बसतात, मग मीठ धरते आणि मॅग्नेशियम-पोटॅशियमने भरलेले कडवट पाणी सोडून दिले जाते. हाती उरते ते जवळजवळ शुद्ध सोडियम क्लोराइड. त्याचे पाणी केले तर खारट होईल, समुद्राचे होणार नाही. म्हणून मत्स्यालयासाठीचे तयार मीठच घ्यावे लागते. लिटरला ३५ ते ३९ ग्रॅम धरले तर पहिल्या भरणीला साधारण चार किलो लागते. मोठी बादली घेऊन दोघा-तिघांत वाटून घेणे परवडते.

महापालिकेचे पाणी सात तलावांतून येते आणि बऱ्याच शहरांच्या मानाने मऊ असते, तरी त्यात क्लोरिन असते आणि पावसाळ्यात गढूळपणाही. टँकरचे आणि बोअरचे पाणी तर मुळीच नको. घरातल्या आरओचे पाणी चालेल का? बहुतेक घरगुती यंत्रांत चवीसाठी थोडे कच्चे पाणी परत मिसळतात, म्हणून टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) शून्याजवळ येत नाही. मेंब्रेनमधून निघणाऱ्या नळीला वेगळा फाटा काढून त्यावर उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनची नळी बसवली की काम भागते; नवीन यंत्राचा खर्च वाचतो. एसीच्या नळीतून ठिबकणारे फुकटचे पाणी बादलीत साठवण्याचा मोह मात्र आवरावा. ते तांब्याच्या नळ्यांवरून येते आणि माशांना चालणारे तांबे प्रवाळ-कोळंबीचा जीव घेते.

क्षारता हजारी ३५, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६. ती मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा. काट्याचा स्वस्त हायड्रोमीटर हवेच्या एका बुडबुड्यानेही चुकतो. इथे एक हिशेब पक्का डोक्यात बसवावा लागतो. पाणी उडते, मीठ उडत नाही. शंभर लिटरच्या टाकीतून रोज दोन लिटर पाणी उडाले आणि कोणी ते खाऱ्या पाण्याने भरून काढले, तर दर दिवशी ७० ग्रॅम मीठ वाढते आणि दहा दिवसांत क्षारता ३५ वरून ४२ वर जाते. उडालेल्या पाण्याची भरपाई नेहमी शुद्ध गोड्या पाण्याने करायची. काचेवर पेनाने रेघ मारून रोज तिथपर्यंत भरणे हा बिनपैशाचा उपाय आहे.

उष्णता : मुंबईत रीफ टँकचे अंदाजपत्रक मे महिन्यावरून करावे. प्रवाळांना २४ ते २७ अंश सेल्सिअस मानवते. हीटर इथे जेमतेम थंडीच्या काही रात्रींपुरता लागतो. खरी अडचण उलट बाजूची. पाणी थंड करणारा चिलर हे एकच यंत्र अनेकदा बाकी सगळ्या सामानाएवढे महाग पडते आणि वीजही खाते : २०० वॉटचा चिलर रोज बारा तास चालला तर महिन्याला ७२ युनिट.

पर्याय म्हणून पाण्यावर तिरके पंखे लावतात. संगणकातले लहान पंखे आणि अॅडॉप्टर लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना शंभर लिटर पाणी सहा अंशांनी थंड करता येईल इतकी उष्णता घेऊन जाते. बाहेरून नवी उष्णता सतत येत असल्याने प्रत्यक्षात दोन-तीन अंशांचाच फरक दिसतो. शिवाय बाष्पीभवनाला हवेतल्या दमटपणाची मर्यादा असते. बाहेर ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असताना पंखा कितीही जोरात फिरवला तरी पाणी सत्तावीस-साडेसत्तावीसच्या खाली जाऊच शकत नाही. जुलैत हवा थोडी गार होते, पण आर्द्रता ८५ टक्क्यांवर जाते आणि मर्यादा पुन्हा तिथेच राहते. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात जो पंखा कमाल करतो, तो दादरला हात टेकतो.

म्हणजे चिलरविना टाकी चालवायची असेल, तर २८-२९ अंश काही आठवडे सोसणारे प्राणी निवडणे एवढाच मार्ग उरतो. मशरूम, झोअँथिड आणि चामडी प्रवाळ ते सोसतात. नाजूक फांद्यांची पाषाणप्रवाळे सोसत नाहीत. बाकीचे उपाय जोडीला : पाण्यात बुडालेल्या प्रत्येक पंपाचा वॉट अखेर उष्णताच होतो म्हणून पंप कमी आणि कमी वॉटचे ठेवणे, दिवे दुपारऐवजी संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंत लावणे, आणि ज्या खोलीत रात्री एसी लागतोच तिथे टाकी ठेवणे. काचेचे झाकण काढून जाळी लावली की उष्णता निघून जाते आणि मासेही उडी मारून बाहेर पडत नाहीत.

खडक, दिवे, प्रवाह : खडक हेच गाळणयंत्र, त्याच्या छिद्रांत राहणारे जीवाणू घाण पचवतात. सिरॅमिकचे सच्छिद्र तुकडे घ्यावेत. आपला काळा पाषाण निरुपद्रवी असला तरी घट्ट, त्यात जीवाणूंना जागा नाही; कोकणातला जांभा सच्छिद्र दिसतो, पण लोहयुक्त आणि ठिसूळ. मऊ प्रवाळांना निळ्या-पांढऱ्या एलईडीचा साधा दिवा आठ-नऊ तास पुरतो. टाकीतल्या पाण्याच्या तासाला वीसपट फिरवणारा एक वेव्हमेकर (लाटांसारखा प्रवाह करणारा पंप) लागतो. दर आठवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदलायची शिस्त असेल, तर स्किमर पहिल्या वर्षी टाळता येतो.

विजेत काटकसर नको. खारे पाणी वीज उत्तम वाहून नेते. बोर्डात ईएलसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असावा आणि प्रत्येक वायर प्लगच्या पातळीखाली झोळ देऊन वर न्यावी, म्हणजे ओघळ सॉकेटपर्यंत पोचत नाही. वसई-विरार किंवा कल्याणकडे जिथे वीज जास्त जाते, तिथे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आधी घ्यावा आणि मासे नंतर. गरम खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो.

टाकी मुरणे : पाणी भरल्यावर चार ते सहा आठवडे एकही प्राणी सोडायचा नसतो. सोललेल्या कोळंबीचा एक तुकडा आत टाकला की तो सडून अमोनिया होतो. एका प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार. याच काळात वाळूवर तपकिरी साय धरते, मग हिरवे शेवाळ येते. बरेच जण इथे घाबरून टाकी धुऊन काढतात आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

प्राणी आणि खाद्य : शंभर लिटरला क्लाउनफिशची एक जोडी आणि एखादा गोबी पुरे. क्लाउनफिशला समुद्रफूल (सी अॅनिमोनी) लागतेच असे नाही आणि नवख्याच्या टाकीत समुद्रफूल टिकतही नाही. पैदाशीतून आलेले क्लाउन मागून घ्यावेत. नवी मुंबईत ऐरोलीलाही कांदळवन प्रतिष्ठानाच्या सहभागाने सागरी शोभिवंत माशांच्या पैदाशीचे काम सुरू झालेले आहे. क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याच्या बाजारात डॅमसेल सर्वांत स्वस्त मिळतात आणि म्हणून घेतले जातात. पण एक डॅमसेल पुढच्या प्रत्येक पाहुण्याला कोपऱ्यात रेटतो आणि त्याला पकडायला अख्खा खडक उपसावा लागतो. निळा टँग मासा या मापाच्या टाकीत नकोच.

खाद्यावर मुंबईकराचे पैसे वाचतात. कोळणीकडून ताजी कोळंबी, थोडे माकूल आणि दोन-चार तिसऱ्या घ्याव्यात, साफ करून तांदळाच्या कणीएवढ्या चिराव्यात. मग गाळणीत घालून शुद्ध पाण्याखाली दुधाळपणा जाईपर्यंत धुवाव्यात, कारण त्या दुधाळ पाण्यातूनच फॉस्फेट टाकीत जाते आणि शेवाळ माजते. पिशवीत पातळ थापून फ्रीझरमध्ये ठेवले की रोज बोटाच्या पेराएवढा तुकडा मोडता येतो. फ्रीझरमधली ही पिशवी घरच्यांना आधी सांगून ठेवलेली बरी.

झोअँथिडांपैकी काही, विशेषतः पॅलिथोआ, पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष बाळगतात. ती कापताना हातमोजे आणि चष्मा हवा आणि ती चिकटलेला दगड कधीही उकळत्या पाण्यात घालू नये. वाफेतूनही विषबाधा होते.

गणपतीला आठवडाभर गावी जाणाऱ्यांची टाकी बहुधा जास्त खाद्याने मरते. शेजाऱ्यांच्या हाती पूर्ण पाकीट न देता औषधाच्या गोळ्यांच्या डबीत रोजचा वाटा मोजून ठेवावा. एक दिवसाआड घातले तरी निरोगी माशांना चालते. पाण्याची भरपाई करायला तरंगत्या बुचाचा ऑटो टॉप-अप बसवता येतो, पण त्याची साठवण बादली पाच-सहा लिटरचीच ठेवावी, म्हणजे बूच अडकले तरी टाकी गोडी होत नाही.

वर्षभर टिकलेल्या टाकीत मऊ प्रवाळ जागा पुरेनाशी होईपर्यंत वाढते. मशरूम आणि चामडी प्रवाळ धारदार पात्याने कापून, सुपरग्लू जेलने छोट्या दगडावर चिकटवून हौशी मंडळींत अदलाबदल होते. नव्या जातींवरचा खर्च बहुतेक याच मार्गाने भागतो. झेनिया मात्र सुरुवातीपासून वेगळ्या दगडावर ठेवावी, कारण ती मुख्य खडकावर पसरली की काढता येत नाही. नको झालेला कोणताही परदेशी प्राणी समुद्रात सोडू नये. तो दुकानात किंवा दुसऱ्या टाकीतच जायला हवा.