बद्धकोष्ठतेसाठी मोठं आतडं कापून टाकायचे तेव्हाची गोष्ट

"आतड्यात साचलेला मल विष बनतो, आधी कोलन (म्हणजे मोठं आतडं) साफ करा" म्हणणाऱ्या पावडरींच्या जाहिराती सध्या जिकडेतिकडे दिसतायत. ही कल्पना शंभरेक वर्षांपूर्वी नामांकित डॉक्टर मंडळी छातीठोकपणे सांगायची. मोठ्या आतड्यात अन्न कुजतं, त्याचं विष रक्तात भिनतं, डोकेदुखी थकवा म्हातारपण सगळं त्यातूनच येतं.

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधला शास्त्रज्ञ मेचनिकॉफ, ज्याला 1908 चं नोबेल मिळालं (ते इम्युनिटीवरच्या कामासाठी), त्याचंही मत हेच, मोठं आतडं माणसाच्या फारसं कामाचं नाही, उलट आयुष्य कमी करतं, म्हणून आंबवलेलं दूध प्या म्हणायचा. त्याने कुणाचं काही बिघडलं नाही. पण लंडनचा सर्जन आर्बथनॉट लेन नुसत्या बद्धकोष्ठतेसाठी आधी मोठं आतडं बायपास करायचा आणि पुढे तर ते काढूनच टाकायला लागला, तेही अँटिबायोटिक्स नसतानाच्या काळात, त्यात पेशंट दगावलेसुद्धा. वाचताना खरंच राग येतो.

1919 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टर वॉल्टर अल्वारेझने अगदी साधा प्रश्न विचारला. संडासला जाऊन आलं की माणसाला लगेच हलकं वाटतं, मग विष रक्तात असेल तर ते एवढ्या झटक्यात उतरेल कसं? म्हणजे त्रास विषाचा नाहीच, गुदाशय (मोठ्या आतड्याचं शेवटचं टोक) ताणला जातो त्याचा आहे. पुढे निरोगी माणसांच्या गुदाशयात कापसाचे बोळे भरून पाहिले तर तीच डोकेदुखी, तीच मरगळ, आणि बोळे काढले की बरं वाटायचं.

मग हे आतडं करतं काय, तर लहान आतड्यातून रोज लिटर-दीड लिटर पातळ माल इथे येतो, त्यातलं बहुतेक पाणी आणि मीठ ते परत शरीरात ओढून घेतं. शिवाय आपल्याला न पचणारा चोथा तिथले बॅक्टेरिया आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं, आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात, हे 1980 च्या सुमारास स्पष्ट झालं. त्याआधी युगांडात सर्जन असलेल्या डेनिस बर्किटने चोथ्याकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं होतं, तिथल्या खेड्यातल्या लोकांचा मल ब्रिटिशांपेक्षा जास्त आणि तो बाहेरही लवकर पडायचा. त्यामुळे पावडरीचे पैसे वाचवून ज्वारीची भाकरी, उसळी आणि पालेभाज्या खा, रोज जुलाबाचं औषध घेऊन पाणी आणि क्षार मात्र घालवू नका.