ब्रेक पेडल मऊ लागतंय? एअर काढण्याआधी हे तपासा

कारचं ब्रेक पेडल पायाखाली स्पंजासारखं दबू लागलं की गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं : ‘एअर धरलीय, काढून टाकू.’ निदान बऱ्याचदा बरोबर असतं. पण ब्रेक ऑइलच्या नळ्यांत हवा शिरली कुठून हे शोधलं नाही, तर पेडल पुन्हा मऊ होणारच. आणि कारण सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये.

थोडी हवाही किती नडते पाहा. मास्टर सिलिंडरचा (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या सिलिंडरचा) व्यास २० मिमी धरला, तर १ घनसेंमी हवा दाबून टाकायला पिस्टनला ३ मिमीहून जास्त पुढे सरकावं लागतं. पेडलच्या तरफेचं गुणोत्तर ४:१ असेल, तर पाय सुमारे सव्वा सेंटिमीटर फुकट खाली जातो. ब्रेक ऑइल मात्र त्या दाबाखाली जेमतेम दबतं.

तपासणी इंजिन बंद ठेवून करा. पाच-सहा वेळा पेडल मारून बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातला) व्हॅक्यूम संपवा, मग अर्धा मिनिट दाबून धरा. पेडल हळूहळू खाली बसत गेलं, तर दोष बहुधा हवेचा नाही. चाकांच्या आतल्या बाजूला, पाइपांच्या जोडांवर गळतीची ओल शोधा; मागच्या ड्रममधल्या व्हील सिलिंडरचं (चाकातला ब्रेक ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरचं) रबरी बूट, म्हणजे टोकाचं आवरण, उचलून पाहा. सगळं कोरडं आणि ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळीही स्थिर असेल, तर मास्टर सिलिंडरचे आतले सील गेलेत. पेडल दोन-तीनदा मारल्यावर वर येत असेल, पण तरीही लवचीक लागत असेल, तर हवा आहे. वर येऊन दगडासारखं कडक होत असेल, तर मागचे लायनर (ड्रमला घासणारे ब्रेकचे पट्टे) सैल झालेत, म्हणजे ड्रमपासून लांब राहताहेत. तिथे एअर काढून काही साधणार नाही.

सगळ्यात फसवी तक्रार घाटातली. आंबेनळी किंवा कशेडी उतरताना पेडल मऊ पडतं आणि खाली येऊन गाडी थंड झाली की ठीक होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये, असं मानक सांगतं, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांवर येते. कॅलिपरमध्ये (चाकाची डिस्क दाबून धरणाऱ्या भागात) ऑइल उकळून वाफ होते, वाफ दबते, आणि थंड झाल्यावर तिचं पुन्हा द्रव होतं. म्हणून गॅरेजमध्ये काहीच सापडत नाही. उपाय म्हणजे सगळं ऑइल बदलणं, साधारण दर दोन वर्षांनी. कोकणातल्या दमट हवेत तर हे टाळूच नये.

एअर काढताना चाकाजवळच्या निपलला (हवा सोडायच्या छोट्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ताज्या ऑइलमध्ये बुडवा. पेडल दाबा, निपल अर्धा फेरा उघडा, बंद करा, मगच पाय उचला. टाकीतलं ऑइल ‘मिन’च्या खुणेखाली जाऊ देऊ नका, नाहीतर नवी हवा आत जाते. चाकांचा क्रम प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, तो मॅन्युअलमधूनच घ्या. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू नका : सिलिंडरच्या न वापरलेल्या भागातला गंज सील कापतो.

एवढं करूनही मऊपणा राहिला तर निपल कॅलिपरच्या वरच्या टोकाला आहे का पाहा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला की निपल खाली येतो आणि वर अडकलेली हवा कधीच निघत नाही.