दगड गोल कुणी केला, आणि कशासाठी?

कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात पोसायडन या समुद्रदेवाची एक छोटी कांस्यमूर्ती आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर मिळालेली, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन जगातून इकडे आलेली. जाणकार माणूस ती पाहताक्षणी सांगू शकतो की हा कोण, कुठला आणि साधारण कधीचा. आता तिच्या सातशे पट जुनी वस्तू डोळ्यांसमोर आणा. मुठीत जेमतेम मावणारा, सगळीकडून छिलके काढलेला एक दगडी गोळा. त्याला पातं नाही, टोक नाही, मूठ नाही. आफ्रिका, पश्चिम आशिया, चीन आणि आपला भारत, सगळीकडच्या अश्मयुगीन जागांवर असे गोळे निघाले आहेत. माणसाने इतकी लाख वर्षं सातत्याने बनवलेल्या वस्तू फार थोड्या, आणि त्यातल्या या एकीचं काम काय होतं यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

काम काय हे विचारण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: हा गोळा माणसाने केलाय कशावरून? आपल्या भागात राहणाऱ्याला हा प्रश्न लगेच पटेल. पन्हाळ्याकडे किंवा जोतिबाला जाताना रस्त्यासाठी डोंगर कापलेला दिसतो, तिथे थांबून बघा. काळ्या खडकाला भेगा असतात, भेगांतून पाणी मुरतं, कोपरे आधी कुजतात आणि पापुद्रे सुटत सुटत आत गरगरीत गोळा उरतो. दख्खनचा बेसॉल्ट असाच झिजतो. शिवाय नदीतले गोटे आहेतच. म्हणजे निसर्गही दगड गोल करतो. फरक पृष्ठभागावर असतो. कुजून झालेला गोळा खरबरीत पण सपाट घावांशिवायचा, नदीतला गोटा गुळगुळीत, आणि माणसाच्या हातचा गोळा म्हटला की त्यावर छिलके उडाल्याच्या उथळ खोलगट खुणा एकमेकींना छेदत गेलेल्या. बोट फिरवलं की त्यांच्या कडा लागतात.

खरा वाद इथून पुढे आहे. टांझानियातल्या ओल्डुवाय घळीत पुरातत्त्वज्ञ मेरी लीकी यांनी असे पुष्कळ गोळे नोंदवले. त्यांचे पती लुई लीकींना वाटे की ते चामड्यात गुंडाळून, दोरीला बांधून जनावराच्या पायात फेकायची शस्त्रं असावीत. कल्पना आकर्षक आहे, पण दोरी आणि चामडं काही उरत नाही, त्यामुळे ती कल्पनाच राहिली.

मग निक टॉथ आणि कॅथी शिक या पुरातत्त्वज्ञ जोडप्याने स्वतः दगड फोडून पाहिले. गारगोटीचा दगड हातोडा म्हणून घेतला आणि त्याने दुसऱ्या दगडाचे छिलके काढत राहिले. काही तासांच्या वापरानंतर हातोडाच गोल झाला. कारण साधं आहे. आपण नकळत दगडाचा पुढे आलेला भाग ठोकायला वापरतो, तो ठेचला जातो, मग हात दगड फिरवून दुसरा उंचवटा पुढे आणतो. असं करत करत सगळे उंचवटे संपतात. याचा अर्थ असा की गोळा कुणी बनवलाच नसेल. तो कामातून उरला असेल. पुरातत्त्वातल्या सगळ्यांत सुंदर प्रयोगांपैकी हा एक आहे असं मला वाटतं, कारण वस्तूचा आकार पाहून तिच्यामागचा हेतू गृहीत धरण्याची सवय त्याने एका झटक्यात मोडली.

पण सगळे गोळे एवढ्याने निकालात निघत नाहीत. जॉर्डन नदीच्या खोऱ्यातल्या उबैदिया या सुमारे १४ लाख वर्षं जुन्या जागेवरच्या १५० गोळ्यांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाच्या अभ्यासकांनी त्यांची त्रिमितीय प्रतिमा घेतली आणि एकेका घावाचा कोन, क्रम आणि गोळ्याचं गुरुत्वमध्य गणिताने तपासलं. त्यांना दिसलं ते असं: जसजसं काम पुढे गेलं तसतसा दगड खऱ्या गोलाच्या जवळ जात राहिला, पण गुळगुळीत झाला नाही. नदीच्या गोट्याचं याच्या नेमकं उलट असतं, तो गुळगुळीत होतो पण क्वचितच पुरता गोल होतो. नुसतं ठोकून झिजलेल्या दगडाच्या घावांतही अशी दिशा असायचं कारण नाही. शिवाय त्या जागी हातकुऱ्हाडी मुख्यतः बेसॉल्टच्या, गोळे चुनखडकाचे, छोटी हत्यारं चकमकीच्या दगडाची. कोणत्या कामाला कोणता दगड, हे त्या माणसांनी ठरवलेलं होतं. तेव्हा तिथल्या कारागिराच्या मनात गोल हा आकार आधीपासून होता, हा त्यांचा निष्कर्ष मला पटतो. मात्र हा पुरावा हेतूचा आहे, उपयोगाचा नाही. गोल हवा होता हे कळलं. गोल कशाला हवा होता हे त्या घावांत लिहिलेलं नसतं.

ते कुठे लिहिलेलं असतं? झिजेत आणि चिकटून राहिलेल्या कणांत. आपल्या घरातला वरवंटा घ्या. हजार वर्षांनी तो मातीतून निघाला आणि पाटा सापडलाच नाही, तरी अंगाची गुळगुळीत झीज, मधूनमधून पाथरवटाने टाकी लावल्याचे बारीक खड्डे आणि खड्ड्यांत अडकलेला मसाल्याचा तेलकट अंश, एवढ्यावर त्याचं काम ओळखता येईल. तेल अवीवजवळच्या केसेम गुहेत नेमकं असंच केलं गेलं. ही गुहा साधारण ४ लाख ते २ लाख वर्षांपूर्वी वापरात होती. तिथल्या काही गोळ्यांवर सूक्ष्मदर्शकाखाली हाडाचे आणि चरबीचे कण दिसले, आणि ठेचण्याच्या खुणाही. मग अभ्यासकांनी तसेच गोळे बनवून जनावरांची ताजी हाडं फोडून पाहिली. गोळ्याची बोथट धार हाडाला नीट फोडते आणि आतली मज्जा फारशी न सांडता मिळते. मज्जा म्हणजे चरबी, आणि शिकारीवर जगणाऱ्याला चरबीइतकं मोलाचं दुसरं काही नसतं.

इथे एक बारकावा आहे, आणि तो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. दगड फार काळ उघड्यावर पडून राहिला की चढतं तसं जुनं पुट केसेमच्या गोळ्यांवर होतं. म्हणजे गुहेतल्या माणसांनी ते बनवले नसावेत, त्याहून जुन्या एखाद्या वस्तीवरून उचलून आणले असावेत. ज्याने गोळा घडवला त्याचं काम एक, ज्याने तो उचलला त्याचं दुसरं, असं सहज झालं असेल.

फेकण्याची कल्पनाही मेलेली नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या ‘केव्ह ऑफ हार्थ्स’ या गुहेतल्या ५५ गोळ्यांवर २०१६ साली एक अभ्यास आला. माणसाचा हात किती वजनाची वस्तू किती जोराने आणि किती अचूक फेकू शकतो हे मोजून त्यांनी हिशोब मांडला. त्यातले बहुतेक गोळे २५ मीटरपर्यंतच्या भक्ष्याला इजा करण्यास योग्य वजनाचे निघाले. हिशोब पक्का आहे, तरी मला शंका आहे. जोंधळ्याच्या राखणीला माळ्यावर उभा राहणारा गडी गोफणगुंडा घडवत बसत नाही, ओढ्यातून वेचून आणतो. जो दगड फेकला की परत मिळेलच असं नाही, त्यावर शेकडो घाव कोण घालेल? वजन जुळतं याचा अर्थ फेकता आला असता एवढाच होतो.

मला वाटतं की ‘दगडी गोळे’ नावाची एक वस्तू धरून बसलो म्हणूनच हा वाद इतका लांबला. ओल्डुवायचे काही झिजलेले हातोडे असतील, उबैदियाचे मुद्दाम घडवलेले, केसेमचे दुसऱ्याचे उचलून हाडं फोडायला घेतलेले. आकार सारखा आहे म्हणून उत्तर सारखं असलं पाहिजे असा आग्रह कशाला?

आपल्या कृष्णेच्या खोऱ्याला या प्रश्नात जागा आहे. नरसोबावाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, आणि ती कृष्णा पुढे कर्नाटकात ज्या भागातून जाते तिथल्या हुणसगी-बैचबळ खोऱ्यात डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्या यांनी अश्मयुगीन जागांचा मोठा पट्टा उजेडात आणला. त्यातल्या इसामपूरला चुनखडकाच्या लाद्यांपासून हत्यारं घडवण्याची अक्षरशः कार्यशाळा होती, सुमारे १२ लाख वर्षांपूर्वीची, आणि ठोकायचे दगडही तिथेच पडलेले. हातोडा गोल होत जातो का, हे तपासायला याहून चांगली जागा सापडणं कठीण. आजरा-गडहिंग्लजकडची हिरण्यकेशी ज्या घटप्रभेला मिळते, तिच्या काठच्या जुन्या वाळू-गोट्यांच्या थरांतही अश्मयुगीन हत्यारं मिळालेली आहेत. अडचण आपल्या बेसॉल्टची आहे. त्याचा पृष्ठभाग कुजतो आणि सूक्ष्म खुणा आधी जातात.

म्हणून शेतात किंवा नदीच्या दरडीत घावांनी भरलेला गोल दगड दिसला, तर तो धुऊ नये आणि घासून तर मुळीच पुसू नये. जागेवरच शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून फोटो काढावा, गट क्रमांक आणि किती खोलीवर आहे ते लिहावं आणि पुरातत्त्व विभागाला कळवावं. खड्ड्यात अडकलेला हाडाचा कण एका बादली पाण्याने जातो, आणि थरातून उचललेल्या दगडाचं वय नंतर कुणालाच ठरवता येत नाही.