डीझेल अंतःक्षेपण घटकांची देखभाल

लहान डीझेल एंजिनात इंधन दाबाने आत फवारणारे (अंतःक्षेपणाचे) उच्चदाब पंप, डिलिव्हरी व्हॉल्व्ह (पंपातून नळीकडे इंधन सोडणारी झडप), नळी आणि इंजेक्टर (इंधन फवारणारा भाग) हे घटक स्वच्छ करणे, तपासणे व पुन्हा जुळविणे यांस ही संज्ञा लावतात. डीझेल एंजिनात ठिणगी नसते. संपीडनाने तापलेल्या हवेत इंधनाचा फवारा कसा आणि केव्हा पडतो, यावरच ज्वलन अवलंबून असते.

यांत्रिक अंतःक्षेपणाच्या, म्हणजे इंधन केवळ पंपाच्या दाबाने आत फवारण्याच्या पद्धतीच्या, जनकत्वाविषयी मतभेद आहेत. रूडोल्फ डीझेल यांच्या १८९७ च्या एंजिनात इंधन संपीडित हवेच्या झोताने आत ढकलले जाई व त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे. हर्बर्ट ॲक्रॉइड स्ट्यूअर्ट यांच्या १८९० च्या पेटंटामुळे काही लेखक त्यांना अग्रमान देतात. तथापि त्यांच्या एंजिनात संपीडन कमी असून प्रज्वलन मुख्यतः तापलेल्या कोठडीमुळे होत असे. व्हिकर्स कंपनीतील जेम्स मॅकेक्नी यांचे १९१० च्या सुमाराचे कामही पुढे केले जाते. प्रचलित पंपाची परंपरा मात्र बॉश कंपनीने १९२७ मध्ये सुरू केलेल्या उत्पादनापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

पंपातील प्लंजर (दट्ट्या) व बॅरल (त्याचे नळकांडे), तसेच नोझलची (इंजेक्टरच्या फवारा सोडणाऱ्या टोकाची) सुई व तिचा देह या जोड्या एकमेकींत घासून बसविलेल्या असतात. त्यांच्यातील फट मिलिमीटरच्या काही सहस्रांश भागांइतकीच असल्याने एका जोडीतील भाग दुसरीत कधीही घालू नये. स्वच्छ डीझेलमध्ये बुडविलेली सुई सुमारे एक तृतीयांश वर ओढून सोडली असता ती स्वतःच्या वजनाने सावकाश खाली बसली पाहिजे. अडकली तर तीवर काजळी, राळ किंवा ओरखडा आहे असे समजावे. त्यानंतर हातपंपाच्या चाचणीयंत्रावर सुई उघडण्याचा दाब पाहतात. थेट अंतःक्षेपणाच्या लहान एंजिनांत तो बहुधा २०० बारच्या आसपास असतो, पूर्वकोठडीच्या (जिथे इंधन आधी लहान कोठडीत फवारले जाते अशा) एंजिनांत कमी. अंतिम प्रमाण उत्पादकाच्या पुस्तिकेचेच. स्प्रिंगखालील शिम (पातळ चकती) बदलून हा दाब जुळवितात. उघडण्याच्या दाबाहून किंचित कमी दाब काही सेकंद धरला असता नोझलच्या टोकाशी थेंब जमू नये. फवाऱ्यासमोर हात नेणे अत्यंत घातक आहे, कारण इंधन त्वचेतून आत शिरते; जखम टाचणीएवढी दिसली, तरी तातडीने शस्त्रक्रियेची गरज पडू शकते.

जोडताना तांब्याचे वॉशर नवे घालतात आणि पंपातील व नळीतील हवा काढतात.