युरोपच्या शेती अनुदानात हेक्टर आला कुठून?

युरोपीय संघाच्या २०२८ ते २०३४ या काळाच्या अर्थसंकल्पाचा प्रस्ताव जुलै २०२५मध्ये मांडला गेला. एका शेतकऱ्याला वर्षाला १ लाख युरोंपेक्षा जास्त थेट अनुदान नको आणि २० हजारांच्या वरच्या रकमेला टप्प्याटप्प्याने कात्री लावावी, असे त्यात म्हटले आहे. बातम्यांमध्ये हे धाडसी पाऊल म्हणून आले. पण अशी मर्यादा घालण्याचे प्रयत्न तीस वर्षांहून जुने आहेत. ते दर वेळी का फसतात हे कळण्यासाठी अनुदान हेक्टरवर कसे बसले ते पाहायला हवे, आणि त्यासाठी २००३ सालापाशी जरा जास्त थांबायला हवे.

त्याआधीचा काळ थोडक्यात. १९६०च्या दशकात ठरलेल्या व्यवस्थेत सारा भर भावावर होता. बाजार ठरलेल्या पातळीखाली गेला की सरकारी खरेदी, बाहेरच्या मालावर आयातकर आणि उरलेला माल परदेशी खपवायला निर्यात अनुदान. जो जास्त पिकवी त्याला जास्त मिळे. १९६८मध्ये लहान शेती एकत्र करून सुमारे ५० लाख लोकांना शेतीबाहेर काढण्याची योजना पुढे आली, तेव्हा गावेच्या गावे पेटून उठली. फेब्रुवारी १९७१मध्ये ब्रुसेल्समध्ये शेतकऱ्यांनी कृषिमंत्र्यांच्या बैठकीच्या दालनात चक्क गाई आणून उभ्या केल्या. पुढच्याच महिन्यातल्या मोठ्या मोर्चात एकाचा जीव गेला. योजना बारगळली, भावांना हात लावायची कुणाची हिंमत झाली नाही, आणि लोण्याचे व दूध पावडरीचे साठे वाढत गेले. १९८४मध्ये दुधाला कोटा लावावा लागला. तोवर संघाच्या तिजोरीतला दोन तृतीयांश पैसा शेतीवर जात होता.

हेक्टर आला तो १९९२मध्ये. धान्याचा आधारभाव तीन वर्षांत सुमारे एक तृतीयांशाने खाली आणायचे ठरले आणि त्या बदल्यात शेतकऱ्याला पेरलेल्या क्षेत्रावर रोख रक्कम देऊ केली. मोठ्या धान्य उत्पादकांना १५ टक्के जमीन पडीक ठेवणे बंधनकारक झाले. या रकमेचे नाव होते भरपाई. माझ्या मते पुढच्या सगळ्या गोंधळाचे मूळ या नावात आहे. भाव पडल्याची भरपाई द्यायची, तर ती किती वर्षे? हा प्रश्न तेव्हा सोडवलाच नाही. शिवाय रक्कम त्या-त्या भागात पूर्वी हेक्टरी किती पिकत असे त्यावर ठरली. पॅरिसच्या भोवतालच्या सुपीक, सपाट जमिनीला हेक्टरी जास्त, डोंगरउतारावरच्या शेतीला कमी. ज्याला निसर्गाने आधीच झुकते माप दिले होते, त्यालाच तिजोरीनेही दिले.

मग जून २००३. लक्झेंबर्गमधल्या रात्रभराच्या वाटाघाटींनंतर अनुदानाची उत्पादनापासून फारकत करण्याचा निर्णय झाला. शेतकऱ्याने काय पिकवले, किती जनावरे पाळली, याच्याशी पैशाचा संबंध ठेवायचा नाही. जमीन नीट राखावी, पर्यावरणाचे आणि पशुकल्याणाचे नियम पाळावेत, बाकी बाजार बघून काय ते पिकवावे. अतिरिक्त उत्पादनावर हा खरा इलाज होता आणि तो लागू पडला, हे मान्य करायला हवे. दुसरे कारण जागतिक व्यापार करारातल्या रंगांच्या पेट्यांचे. तिथे उत्पादन वाढवणारे अनुदान पिवळसर पेटीत, क्षेत्र मर्यादित करून दिलेले निळ्या पेटीत आणि उत्पादनाशी संबंध नसलेले हिरव्या पेटीत पडते. हिरव्या पेटीला कमाल मर्यादा नाही. १९९२ने पैसा पिवळ्यातून निळ्यात नेला, २००३ने निळ्यातून हिरव्यात. त्याच वर्षी सप्टेंबरात कानकुनच्या जागतिक व्यापार परिषदेत भारत, ब्राझील, चीन यांनी एकत्र येऊन युरोप-अमेरिकेच्या प्रस्तावाला विरोध केला. त्यामागे हीच तक्रार होती: पेटी बदलली, पैसा तेवढाच राहिला.

आता फारकत या शब्दाकडे नीट पाहू. पैसा उत्पादनापासून तोडला, पण तो जोडला कशाला? बऱ्याच देशांनी तो २००० ते २००२ या तीन वर्षांना जोडला. त्या वर्षांत तुम्हाला जे अनुदान मिळाले त्याची सरासरी काढायची, तिला तुमच्या हेक्टरांनी भागायचे, आणि तितक्या किमतीचे ‘हक्क’ तुमच्या नावावर करायचे. दर वर्षी हक्काइतके हेक्टर दाखवले की पैसे जमा.

शेजारी-शेजारी दोन शेतकरी घ्या. पहिल्याने त्या काळात मांसासाठी ३० बैल पाळले होते. प्रत्येकी २१० युरोंप्रमाणे त्याला वर्षाला ६,३०० युरो मिळत होते. दुसरा कोबी आणि गाजर करायचा. भाजीपाल्याला असे अनुदान नव्हते. २००५ उजाडले. पहिल्याने बैल विकले, गोठा रिकामा केला, नुसते गवत राखले तरी हक्क कायम. दुसऱ्याच्या हाती काहीच नाही. आणि २००७ साली शेतीत उतरलेल्या पंचविशीतल्या मुलीला हक्कांच्या सरकारी राखीव साठ्यातून काही मिळाले तर ठीक, नाहीतर हक्क विकत घ्यावे लागत. हो, हे हक्क विकता येत होते. स्कॉटलंडमध्ये काहींनी ते घेऊन माळरानाच्या भाड्याच्या हेक्टरांवर टाकले आणि काही न पिकवता रक्कम उचलली. त्यांना तिथे ‘स्लिपर फार्मर’ म्हणत, म्हणजे घरात सपाता घालून बसणारे शेतकरी. घामाचे पैसे मागणाऱ्याला हे पाहून काय वाटले असेल, याची कल्पना आपल्याकडच्या कुठल्याही कुळाला येईल.

दुसरा मार्ग होता सगळ्यांना हेक्टरी सारखा दर देण्याचा. इंग्लंड आणि जर्मनी हळूहळू तिकडे गेले. त्यात इतिहासाचा अन्याय कमी, पण पैसा सरळ जमिनीला चिकटतो. पुढचा खंड ठरवताना जमीनमालक तो हिशेबात धरतोच. २००४मध्ये आलेल्या पूर्वेकडच्या देशांपैकी बहुतेकांनीही साधा हेक्टरी दर घेतला. मात्र त्यांना सुरुवातीला जुन्या सदस्यांच्या एक चतुर्थांशच रक्कम मिळाली आणि पूर्ण दरापर्यंत पोहोचायला २०१३ उजाडले.

साखरेची गोष्ट महाराष्ट्राच्या जवळची आहे. आफ्रिका, कॅरिबियन, पॅसिफिक आणि भारतातून सवलतीत येणाऱ्या साखरेइतकी साखर संघ पुन्हा निर्यात करायचा. ही निर्यात अनुदान-कपातीच्या बंधनात येत नाही, अशी तळटीप संघाने व्यापार करारात घातली होती. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंडने तिला आव्हान दिले आणि २००५मध्ये जिंकले. पुढच्या वर्षी संघाने साखरेचा आधारभाव ३६ टक्क्यांनी कमी करायला घेतला, २०१७मध्ये कोटाही गेला. त्यानंतर भारताच्या साखर अनुदानावर जी तक्रार झाली, तिच्यातही ब्राझील आणि ऑस्ट्रेलिया होतेच.

२०१३च्या सुधारणेत थेट अनुदानाचा ३० टक्के भाग ‘हरित’ अटींना बांधला: पिकांची विविधता, कायम कुरणे, काही क्षेत्र निसर्गासाठी. विमानतळ, रेल्वे आणि क्रीडांगणे चालवणाऱ्यांना यादी करून वगळावे लागले. केवळ गवताळ हेक्टर आहेत म्हणून पैसे मागण्याची वाट २००३नेच मोकळी केली होती. चार वर्षांनी लेखापरीक्षकांनी सांगितले की हरित अटींमुळे जेमतेम ५ टक्के शेतजमिनीवर पद्धती बदलल्या. २०२३पासून प्रत्येक देशाने स्वतःची योजना आखायची आणि थेट अनुदानातले २५ टक्के ऐच्छिक पर्यावरण योजनांसाठी ठेवायचे असे ठरले. जुन्या हक्कांची दरी बुजवण्याचे काम तर अजून चालूच आहे: २०२६पर्यंत प्रत्येकाचा हेक्टरी हक्क सरासरीच्या निदान ८५ टक्क्यांवर आणायचा आहे.

२०२४च्या हिवाळ्यात ट्रॅक्टर रस्त्यावर आले. १ फेब्रुवारीला ब्रुसेल्समध्ये टायर जळत होते, अंडी फेकली जात होती. डिझेलवरची सवलत, युक्रेनचे धान्य, कागदपत्रांचा जाच अशी कारणे देशागणिक वेगळी होती. ४ टक्के जमीन पडीक ठेवण्याची अट आधी शिथिल झाली, मग गेलीच. १० हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यांना अटींच्या तपासणीतून आणि दंडातून सूट मिळाली. लाभार्थ्यांत ते सुमारे ६५ टक्के, जमिनीत जेमतेम दहावा हिस्सा. ही सूट योग्यच होती. पण पैशाच्या वाटपाला त्या आंदोलनानंतरही कुणी हात लावला नाही. थेट अनुदानाचा सुमारे ८० टक्के पैसा अजूनही २० टक्के लाभार्थ्यांकडे जातो.

कमाल मर्यादेचा इतिहास याच वाटपाचा इतिहास आहे. १९९२च्या मूळ मसुद्यात मोठ्या शेतांना कमी भरपाई होती. ब्रिटनसारख्या मोठ्या शेतांच्या देशांनी ती काढायला लावली. २००२मध्ये ३ लाख युरोंची मर्यादा सुचवली गेली आणि २००३च्या तडजोडीत नाहीशी झाली. २०१३मध्ये दीड लाखाच्या वरच्या रकमेतून निदान ५ टक्के कपात इतकेच हाती लागले. २०१८च्या मसुद्यात १ लाखाची मर्यादा सक्तीची होती, २०२१मध्ये ती देशांच्या मर्जीवर सोडली. पूर्व जर्मनी आणि चेक प्रजासत्ताकात जुन्या सामुदायिक शेतांतून तयार झालेली हजारो हेक्टरांची शेते आहेत, आणि विरोधाचा आवाज दर वेळी तिथून सर्वांत मोठा आला. २०२५च्या प्रस्तावात मर्यादा पुन्हा सक्तीची आहे, आणि आकडा तोच आहे, १ लाख.