पंपावर लिहिलेलं आडनाव

मराठी माणूस रोज एक जर्मन आडनाव घेतो आणि ते आडनाव आहे हे त्याच्या गावीही नसतं. डिझेलचा भाव वाढला, ट्रॅक्टरमध्ये डिझेल टाकायचंय, विहिरीवरच्या इंजिनातलं डिझेल संपलं. वाफेचं इंजिन म्हणताना वाफ हा पदार्थ असतो, म्हणून डिझेल इंजिनातलं डिझेलही पदार्थच असणार, असं कानाला वाटतं. घडलं नेमकं उलटं. आधी रुडॉल्फ डिझेल नावाचा माणूस, मग त्याचं यंत्र, आणि सगळ्यात शेवटी त्या यंत्रात ओतायचं तेल.

जर्मन उच्चार ‘दीझल’च्या जवळचा. त्यातला ‘झ’ लिहायला हिंदीला ज खाली नुक्ता द्यावा लागतो. आपलं काम ‘झाड’ आणि ‘झोप’मधल्या झ वर भागलं.

जर्मन आडनावांच्या ढोबळ चार जाती. धंद्यावरून, गावावरून, अंगच्या एखाद्या खुणेवरून किंवा स्वभावावरून, आणि बापाच्या नावावरून. म्युलर म्हणजे पिठाची चक्की चालवणारा, श्मिट म्हणजे लोहार. ही दोन नावं तिथे पैशाला पासरी. डिझेल हे चौथ्या जातीचं आणि बरंच दुर्मीळ. कुणा पूर्वजाचं लाडाचं हाक मारायचं नाव पुढे घराण्याला चिकटलं. आपल्याकडे आजोबांना गावात बंडू म्हणत, म्हणून नातवंडं-पतवंडं शाळेच्या दाखल्यावर ‘बंडू’ हे आडनाव लावू लागली, तर जे होईल ते हे.

मूळ नाव कोणतं, याची दोन उत्तरं दिली जातात. पहिलं ‘डीट्रिश’. हे जुनं, वजनदार जर्मन नाव. त्याचा पहिला तुकडा म्हणजे लोक, दुसरा म्हणजे सत्ताधीश. इटलीवर राज्य करून ५२६ साली वारलेला गॉथ राजा थिओडोरिक आणि जर्मन दंतकथांमधला वीर डीट्रिश हे एकच नाव. त्याचं घरगुती रूप ‘डीट्स’, त्याला लाडाचा ‘एल’ लागला की ‘डीट्सेल’, आणि बोलता बोलता घासून ‘डिझेल’. गंमत म्हणजे ‘डॉइच’, म्हणजे जर्मन लोक स्वतःला ज्या शब्दाने ओळखतात तो शब्दही ‘लोक’ या अर्थाच्या त्याच मुळापासून आला. (आणि आजच्या जर्मनमध्ये ‘डीट्रिश’ म्हणजे कुलूप उघडायचा चोराचा आकडा! वीर नायकाच्या नावाचं काय होईल सांगता येत नाही.)

दुसरं उत्तर ‘माटिआस’. बायबलमधलं हे नाव उत्तरेकडे आखडून ‘थीस’ झालं, त्याचंही पुढे डिझेल होऊ शकतं. मूळ हिब्रू अर्थ देवाची देणगी. ही व्युत्पत्ती खरी धरली तर एक मजेशीर योग जुळतो. इंजिनवाल्या रुडॉल्फच्या वडिलांचं नाव थिओडोर. हे नाव ग्रीक, आणि त्याचाही अर्थ देवाची देणगी. म्हणजे थिओडोर डिझेल हे गृहस्थ ‘देवदत्त देवदत्ते’ झाले. केवळ या योगासाठी मला दुसरी व्युत्पत्ती आवडते. पुराव्याने तोललं तर पारडं पहिलीकडे झुकतं असं वाटतं, पण दोन वेगळ्या घराण्यांत दोन वेगळ्या वाटांनी एकच आडनाव तयार होणं यातही नवल नाही.

अशा नावांचं लिखाणही एकसारखं नव्हतं. चर्चच्या वहीत नोंद लिहिणारा पाद्री जसं ऐकेल तसं लिही. १८७५च्या कायद्याने पुढच्या वर्षापासून साऱ्या जर्मन साम्राज्यात जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंद सुरू झाली आणि ज्याचं जसं स्पेलिंग होतं तसं ते बहुतेक कायमचं झालं.

थिओडोर डिझेल जर्मनीतल्या आऊग्सबुर्गचे बुकबाइंडर. पोटासाठी पॅरिसला गेले, तिथेच १८ मार्च १८५८ रोजी रुडॉल्फ जन्मला. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया या जर्मन राज्याचं युद्ध पेटलं आणि पॅरिसमधल्या जर्मनांना निघावं लागलं. हे कुटुंब लंडनला गेलं. बारा वर्षांच्या रुडॉल्फला मात्र आऊग्सबुर्गला नातेवाइकांकडे शिकायला धाडलं. पुढे म्युनिकला त्याला कार्ल फॉन लिंडे हे शिक्षक लाभले, बर्फ बनवायच्या यंत्रांचे जाणकार. वाफेचं इंजिन कोळशातली किती थोडी उष्णता कामी लावतं, हे तिथे त्याच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

२३ फेब्रुवारी १८९३ रोजी त्याला पेटंट मिळालं. तेव्हा या यंत्राचं नाव डिझेल नव्हतं. त्याच वर्षीच्या त्याच्या पुस्तकात ते ‘विवेकी उष्णता-यंत्र’ आहे. नाव काय ठेवायचं याचा खल चालला असताना बायको मार्था म्हणाली, सरळ डिझेल मोटर म्हणा की, अशी आख्यायिका सांगतात. आऊग्सबुर्गच्या कारखान्यातलं १८९७चं यंत्र साधारण २० अश्वशक्तीचं होतं. फेब्रुवारीत प्राध्यापक श्र्योटर यांनी मोजणी केली, तेव्हा इंधनातली २६.२ टक्के उष्णता कामात उतरत असल्याचं दिसलं. वाफेची यंत्रं त्याच्या जवळपासही नव्हती. त्याच वर्षी अमेरिकेतले बिअरवाले अ‍ॅडॉल्फस बुश यांनी तिथले हक्क दहा लाख मार्कांना घेतले.

आता तेलाकडे. पेट्रोल इंजिनात ठिणगी लागते. डिझेलच्या यंत्रात हवा इतकी दाबली जाते की तीच तापते, आणि आत फवारलेलं तेल आपोआप पेट घेतं. म्हणून ते पुष्कळ तऱ्हेच्या तेलांवर चालू शकतं. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन फ्रेंच सरकारच्या सांगण्यावरून चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. ठरावीक खनिज तेलाला ‘डिझेल’ हे नाव पडलं ते इंजिनांचा पसारा वाढल्यावर. हे तेल रुडॉल्फने शोधलं नाही, काढलं नाही, विकलंही नाही. नाव मात्र त्यालाच लागलं.

तो भरभराटीचा काळ त्याने पाहिला नाही. कर्जात बुडालेला रुडॉल्फ २९ सप्टेंबर १९१३च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडकडे निघालेल्या ‘ड्रेसडेन’ या बोटीवरून नाहीसा झाला. काही दिवसांनी समुद्रात एक मृतदेह दिसला. खलाशांनी त्याच्या खिशातल्या वस्तू तेवढ्या काढून घेतल्या आणि मुलगा ऑयगेनने त्या वडिलांच्या असल्याचं ओळखलं. आत्महत्या की घात, यावर तर्क अजून चालतात. मला कर्जाचं कारण पुरेसं वाटतं.

अशी कीर्ती प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. पेट्रोलच्या चार-फेरी इंजिनाचा जनक निकोलाउस ऑटो. जर्मनीत त्या इंजिनाला आजही ऑटोमोटर म्हणतात, पण बाहेर कुणाला पत्ता नाही. आपल्या ऑटोरिक्षातला ऑटोही ऑटोमोबाइलचा, त्याचा नव्हे. रॉन्टगेनचे किरण जर्मनीत त्याच्या नावाने ओळखले जातात. मराठीने ‘क्ष-किरण’ म्हणून त्याला बाजूला ठेवलं. डिझेल मात्र आपण जसंच्या तसं घेतलं, आणि १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिल्यावर तर ते बांधाबांधावर पोचलं.

पुढे नाव आणखी सैल झालं. १९७८ साली इटलीत जीन्सच्या कंपनीने ते घेतलं. मार्क सिंक्लेअर नावाच्या अमेरिकी नटाने ‘व्हिन डिझेल’ हे टोपणनाव लावलं. जर्मनीत बिअरमध्ये कोला ओतून पितात, त्यालाही काही भागांत ‘डिझेल’ म्हणतात. २०१५ साली फोक्सवॅगनने धुराच्या चाचण्यांत केलेली लबाडी उघडी पडली तेव्हा ‘डिझेलगेट’ हा शब्द जगभर झाला. घराण्याचा काडीचा संबंध नसताना आडनावाला डाग.

पॅरिसमध्ये मात्र, जिथे रुडॉल्फ जन्मला, पंपावरच्या या तेलाचं फ्रेंच नाव आहे ‘गाझोल’.