शरीरमापांवरून चरबीचा अंदाज

मोजपट्टीने शरीराचे दोन-तीन घेर व उंची मोजून एकूण वजनात चरबीचा वाटा किती टक्के आहे, हे सूत्राने काढण्याची पद्धत. यंत्र लागत नाही, कातडीची घडी पकडणाऱ्या कॅलिपरसारखा हातही बसवावा लागत नाही. उत्तर मात्र अंदाजाचेच. पाण्याखाली वजन करून काढलेल्या प्रमाणाशी ताडले, तर साधारण तीनांपैकी दोघांचे उत्तर ३ ते ४ टक्क्यांच्या फरकात बसते. उरलेल्यांचे त्याहून अधिक चुकते.

मुळाशी घनता आहे. चरबीची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे ०.९ ग्रॅम, तर स्नायू, हाडे, पाणी मिळून उरलेल्या शरीराची सुमारे १.१ ग्रॅम धरतात. संपूर्ण शरीराची घनता कळली की चरबीचा वाटा निघतो. घनतेवरून चरबी काढणारे समीकरण संशोधक सीरी यांचे, १९६१ चे (खालच्या सूत्रांत शेवटचे); त्यातले ४९५ आणि ४५० हे आकडे याच दोन घनतांतून येतात. घनता थेट मोजायला पाण्याचा हौद लागतो. तो टाळण्यासाठी हॉजडन व बेकेट यांनी अमेरिकी नौदलाकरिता १९८४ मध्ये घेरांवरून घनता सांगणारी सूत्रे बसवली. आज सर्वाधिक वापरात आहेत ती हीच (मापे सेंटिमीटरमध्ये, लॉग म्हणजे १० पायाचा लॉगॅरिदम):

पुरुष: घनता = १.०३२४ − ०.१९०७७ × लॉग(पोट − मान) + ०.१५४५६ × लॉग(उंची)
स्त्रिया: घनता = १.२९५७९ − ०.३५००४ × लॉग(कंबर + नितंब − मान) + ०.२२१ × लॉग(उंची)
चरबी टक्के = ४९५ ÷ घनता − ४५०

पोटातून मान वजा का करायची? पोटाचा घेर चरबीबरोबर झपाट्याने वाढतो, मानेचा फारसा नाही. मान मुख्यतः अंगाची मूळ ठेवण आणि स्नायू दाखवते. स्त्रियांत चरबी नितंब-मांड्यांवरही साठते, म्हणून तिथला घेर जोडलेला आहे.

उदाहरणार्थ, उंची १७०, पोट ८८, मान ३८ असलेल्या पुरुषाची घनता १.०५३० येते आणि चरबी २०.१ टक्के. उंची १५८, कंबर ७६, नितंब ९८, मान ३२ असलेल्या स्त्रीची चरबी ३१.४ टक्के. पुरुषाच्या उदाहरणात टेप पोटावर १ सेंमी जास्त भरली, तर उत्तर ०.७ टक्क्याने चढते. म्हणून सूत्रातल्या पाचव्या दशांशापेक्षा टेप कुठे ठेवली, हे कितीतरी महत्त्वाचे.

पुरुषांचे पोट बेंबीच्या पातळीवर मोजायचे, स्त्रियांची कंबर सर्वांत बारीक जागी. पँटचा नंबर इथे कामाचा नाही. पँट बेंबीच्या खाली बसते. मान कंठमण्याच्या लगेच खाली, खांदे सैल सोडून, नजर समोर ठेवून. मान ताठ केली की घेर वाढतो आणि चरबी खोटी कमी दिसते. नितंबांचा घेर पाय जुळवून, सर्वांत फुगीर जागी. टेप न ताणणारी हवी, कातडीला टेकलेली पण तिच्यात रुतणार नाही अशी. पोटाचे माप नेहमीसारखा श्वास सोडल्यावर घ्यावे. एकट्याने मोजताना टेप पाठीमागे हमखास खाली घसरते, तेव्हा आरशात बाजूने पाहून ती आडवी आहे ना, याची खात्री करावी. प्रत्येक माप तीनदा घेऊन सरासरी धरावी. दोन मापांत १ सेंमीहून जास्त अंतर पडले तर पुन्हा मोजावे.

हिशेबातल्या दोन चुका घातक, कारण त्यांचे उत्तर वेडेवाकडे दिसत नाही. सेंटिमीटरच्या सूत्रात इंच घातले, तर वरच्या पुरुषाचे २०.१ चे १३.६ होतात. १० पायाच्या लॉगऐवजी नैसर्गिक (e पायाचा) लॉग वापरला, तर ८.४. हा दुसरा घोटाळा संगणकावर सहज होतो. कित्येक प्रोग्रॅमिंग भाषांत नुसता ‘लॉग’ म्हणजे नैसर्गिक लॉग.

पीळदार, जाड मानेच्या मल्लाची चरबी हे सूत्र कमी दाखवू शकते. गरोदरपणात किंवा पोटात पाणी झाले असताना ते वापरूच नये. शिवाय सूत्र नौदलातल्या माणसांच्या मापांवर बसवलेले आहे. वयस्क, पोक आलेल्या शरीरांवर त्याचा भरवसा कमी.

२०१८ मध्ये वूलकॉट व बर्गमन यांनी त्याहून सोपे सूत्र मांडले: ६४ − २० × (उंची ÷ कंबर), स्त्रियांसाठी ६४ च्या जागी ७६. त्यात कंबर कटीच्या हाडाच्या वरच्या कडेवर मोजतात. तिथेही ८८ च भरले असे धरल्यास त्याच पुरुषाचे उत्तर २५.४ येते, म्हणजे ५ टक्क्यांहून जास्त अंतर. एका सूत्राचा आकडा दुसऱ्याच्या शेजारी ठेवून ‘वाढली’ किंवा ‘घटली’ म्हणणे म्हणूनच चूक.

तेच सूत्र, तीच टेप, सकाळी न्याहारीपूर्वीची तीच वेळ ठेवली, की बदल चांगला पकडता येतो. दर दोन आठवड्यांनी मोजणे पुरे. वजन ७५ किलोवर अडलेले असताना पोट ९० वरून ८८ वर आले आणि मान ३८ च राहिली, तर अंदाज २१.५ वरून २०.१ टक्क्यांवर येतो: काट्यावर न दिसलेली सुमारे १ किलो चरबी.